चार हजार खाटांचा डोह

खांडबाऱ्याच्या बाजारात सत्तार तेल्याला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याचं तिळाचं तेल, आणि दुसरी त्याची खोड. दिसेल त्या वस्तूचं माप काढायचं आणि कुणी विचारलेलं नसताना ते सांगायचं, ही ती खोड. पंगतीत बसला की वाढप्याच्या बादलीत किती माणसांचं वरण उरलंय ते तो शेजाऱ्याला सांगे, आणि शेजारी घाईघाईने आपली वाटी पुढे करी. मशिदीच्या हौदात किती घागरी पाणी आहे, चिंचेवर किती मण चिंचा धरल्यात, सगळं त्याला तोंडपाठ. एकदा एका मयताला खांदा देता देता त्याने मयताचं वजन सांगितलं होतं. ते बरोबर होतं की चूक हे कुणी तपासायला गेलं नाही, पण त्या घराने पुढे चार वर्षं त्याच्याकडून तेल घेतलं नाही.

त्याच्याकडे मापं तीनच. तेल मोजायचं तर पळी. घासलेटच्या रिकाम्या डब्यात नऊशे पळ्या तेल बसतं, हे त्याने एका पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसताना, स्वतः ओतून पाहिलं होतं. जागा मोजायची तर खाट, कारण धुतलेले तीळ तो खाटेवर गोणपाट अंथरून वाळवी. आणि वेळ मोजायची तर घाण्याच्या बैलाची फेरी. शाळेत तो दुसरीपर्यंत गेला होता. तिथे फूट आणि इंच शिकवले होते, पण ज्या मापावर झोपता येत नाही त्यावर भरवसा काय ठेवायचा, असं त्याचं मत.

हे सगळं गमतीत चाललं होतं, चौतीस सालच्या वैशाखापर्यंत.

खांडबाऱ्याहून दोन-अडीच कोसांवर सावटपाडा नावाचं एक लहानसं स्टेशन होतं. एक खोली, एक घंटा, एक कडुनिंब आणि गाड्यांनी एकमेकींना वाट द्यावी म्हणून टाकलेला एक जादा रूळ. सत्तारची धाकटी बहीण नईमा तिथे नांदत होती. तिचा नवरा वाहिद सांधेवाला. रूळ बदलायचे, सिग्नलचे दिवे पुसून घासलेटने भरायचे आणि संध्याकाळी शिडी चढून लावायचे, हे त्याचं काम. दंडावर पितळी बिल्ला. त्या बिल्ल्यावरच त्याला नईमा मिळाली होती, असं सत्तार त्याच्या तोंडावर म्हणे.

एका शनिवारी संध्याकाळी मालगाडीतल्या एका घासलेटच्या टाकीचा आस तापून धूर निघू लागला. चाकांवरची ती मोठी लोखंडी टाकी हजार डब्यांची होती. गार्डाने ती सोडवून जादा रुळावर उभी केली, वाहिदला राखण सांगितली आणि गाडी निघून गेली. दुरुस्तीची माणसं यायला चार दिवस लागणार होते. टाकीखालून दगडी मोरी गेली होती, ती उतारावरून थेट नदीच्या डोहात. वैशाखात नदी म्हणजे नुसती वाळू, तेवढा एक डोह काय तो भरलेला. टाकीच्या बुडाचा नळ कधी झिजला, कधी गळू लागला, कुणाला कळलं नाही. बदलीवर आलेला मास्तर उन्हाच्या भयाने खोलीबाहेर पडत नव्हता. आणि वाहिदला वास आला नाही. म्हणजे आला, पण ज्याच्या हातांना, सदऱ्याला आणि भाकरीलासुद्धा बारा महिने घासलेटचा वास, त्याला तो घरचाच वाटला.

मंगळवारी दुपारी सत्तार बहिणीला तेल द्यायला गेला तेव्हा डोह त्याच्या नजरेस पडला. तो जागच्या जागी उभाच राहिला. मोरीच्या तोंडाशी पाणी तांबूस, तिथून पुढे मोराच्या मानेसारखे पट्टे, हिरवे, जांभळे, पिवळे, आणि पलीकडच्या काठाला रुपेरी झाक. या काठापासून त्या काठापर्यंत एक वीतभर जागा मोकळी नव्हती. घटकाभर बघून झाल्यावर त्याला सुचलं की हे कुणाला तरी सांगायला हवं. त्याने हाक मारली, वाहिद धावत आला, टाकीखाली शिरला आणि साबणाची वडी चिंधीत गुंडाळून नळात ठासली. गळती थांबली. दोघं घरी गेले, नईमाने चहा टाकला, चहाबरोबर बोलणीही दिली, कारण ती परवापासून म्हणत होती की वास जास्त येतोय. चहा पिऊन सत्तार पुन्हा डोह बघायला आला, तर डोह कोरा. मोरीच्या तोंडाशी एक तांबूस डाग, बाकी साधं पाणी. वाऱ्याने गेलं असेल, असं तो मनाशी म्हणाला. पण काठचं गवत हलत नव्हतं, हेही त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांनी टाकीत गज घालून पाहिला. एकशेऐंशी डबे घासलेट कमी भरलं. त्यांच्याबरोबर आलेल्या, रेल्वेच्या साहेबाच्या साहाय्यकाने खाली उतरून डोह पाहिला, तो स्वच्छ. टाकीखालची माती ओली होती, पण ती हातभर जागा. त्याने तिथल्या तिथे ठरवलं की गळून गेले ते फार तर पाच डबे, बाकीचे पावणेदोनशे राखणदाराने विकले. वाहिदच्या दंडावरचा बिल्ला काढून घेतला. आठ दिवसांनी स्वतः साहेब येऊन चौकशी करणार, चोरी ठरली तर नोकरी जाणार आणि वर तुरुंग. नईमा बोचकं घेऊन भावाकडे आली आणि ओट्यावर बसली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की तू जगाच्या हौदाचं पाणी मोजतोस, तर डोहात घासलेट किती होतं ते मोजता येईल का.

सत्तारला उभ्या आयुष्यात प्रथमच कुणीतरी माप विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो डोहावर गेला. खाटेच्या लांबीएवढा एक बांबू, रुंदीएवढा दुसरा. काठाकाठाने बांबू टाकत, अरुंद जागी पाण्यात शिरत, त्याने अख्खा डोह खाटांत मोजला. पलीकडच्या पाड्यावरची फुलीबाई भिलीण पाण्याला आली होती. ती बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिने विचारलं काय चाललंय, आणि त्याने खरं ते सांगितलं की इथे किती खाटा बसतील ते बघतोय. फुलीबाईने गंभीरपणे विचारलं की एवढे पाहुणे कुणाकडे येणार आहेत.

चार हजार खाटा भरल्या. आता एका खाटेवर किती तेल पसरलं होतं, तेवढंच काढायचं राहिलं. घरी आल्यावर सत्तारने घाण्याजवळचं बैलाचं दगडी टाकं घेतलं, त्यात पळीभर तेल सोडलं आणि किती पसरतं ते पाहिलं. पुरीएवढं पसरलं आणि तिथेच बसलं. अशा पुऱ्या एका खाटेवर सव्वातीनशे बसतात. चार हजार खाटांना किती पळ्या, त्याचे डबे किती, हे करता करता संध्याकाळ झाली. उत्तर आलं चौदाशे डबे. त्याच आनंदात तो झुंबरलाल मारवाड्याच्या दुकानी गेला. तिथे रोज संध्याकाळी गावातली चार माणसं बसत, आणि घासलेटही तिथेच मिळे. सत्तारने सर्वांदेखत जाहीर केलं की डोहात चौदाशे डबे होते, वाहिद सुटला.

झुंबरलालने पानाला चुना लावणं थांबवलं. "सत्तारमियाँ," तो म्हणाला, "टाकी हजार डबास्नी शे. त्यामाईन चौदाशे निंघनात. अशी टाकी माले एक आनी दे."

दुकान हसलं. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी बाजारात पसरली आणि तिसऱ्या दिवशी स्टेशनावर पोचली. साहाय्यक म्हणे एवढा हसला की त्याला ठसका लागला. वाहिदची बाजू आधी लंगडी होती, आता तिची खिल्ली झाली.

चूक कुठे झाली हे नईमाने शोधलं. टाक्याशी येऊन तिने पळीचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"भाई, तू तेली शे म्हनीसन तुले समदं तेल तिळनंच दिसस का? घासलेट काय असं बठी ऱ्हास? मी रोज दिवा पुसस. एक थेंब पानीमा पडना ते परातभर पसरस."

सत्तार वरमला. खरं सांगायचं तर घासलेटला तेल म्हणायचं त्याच्या जिवावर येई. ज्याला घाणा लागत नाही, बैल लागत नाही, ते कसलं तेल. पण मोजताना मात्र ते तेल धरलं आणि तेही आपल्याच घाण्याचं. घाण्याबाहेर जग आहे, हे सगळ्याच तेल्यांना जरा उशिरा कळतं.

झुंबरलालकडून त्याने बाटलीभर घासलेट आणलं. झुंबरलालने एवढंच विचारलं की यातून किती डबे काढणार. घराच्या मागेच गावतळं होतं. सकाळी, वारा पडलेला असताना, सत्तारने तळ्याच्या शांत कोपऱ्यात एक पळी घासलेट सोडलं. ते सुटलं ते सुटलंच. डोहात पाहिले होते तसेच मोराचे पट्टे उमटत गेले, आठ खाटा होईपर्यंत. तो बांबू टाकत दुसऱ्या बाजूने फिरून आला तोवर पहिल्या कडेचे रंग गेलेले. तो नईमावर खेकसला की पाणी कशाला ढवळलंस. ती म्हणाली, मी पायरीवर बसलेय, माझे पायसुद्धा कोरडे आहेत. तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो मोजत होता. एका पळीला आठ खाटा, तर चार हजार खाटांना पाचशे पळ्या. आणि डब्यात बसतात नऊशे.

अर्धा डबा. थोडा जास्त धरा, पण अर्धाच.

तो पायरीवर बसला. साहाय्यकाने निदान पाच डबे तरी कबूल केले होते. मेव्हण्याला सोडवायला निघालेल्या माणसाने साडेचार डबे आणखी त्याच्याच अंगावर टाकले होते. नईमाने उत्तर ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यास्ना बिल्ला गया, अन् तू अर्धा डबावर उना. भाई, तुन्हा चौदाशेच बरा व्हता."

त्यानंतर दोन दिवस सत्तार कुणालाही काही सांगेना. झुंबरलालच्या दुकानी बसला, तर समोरून ज्वारीची गाडी गेली तरी किती पोती म्हणाला नाही. लोकांना वाटलं माणूस आजारी आहे. चौकशीला तीन दिवस उरले होते. मनात दोन गोष्टी भांडत होत्या. गप्प बसावं, ही एक. आणि दुसरी, जी त्याला झोपू देत नव्हती, ती अशी की पाणी जर नईमाने ढवळलं नाही, तर रंग गेले कुठे? आणि त्या मंगळवारी, गवत हलत नव्हतं, मग एक कप चहा होईतो चार हजार खाटांचा रंग कुणी गुंडाळून नेला?

तिसऱ्या दिवशी भर उन्हात त्याने पुन्हा एक पळी तळ्यात सोडली. पण या वेळी पसारा मोजला नाही. नईमाला पायरीवर बसवलं, घाण्याला बैल जुंपला आणि फेऱ्या मोजू लागला. बैलाला वाटलं तिळाचा हंगाम लागला. रंग फिके झाले, रुपेरी झाले आणि मग काहीच उरलं नाही. नईमाने हाक दिली तेव्हा चाळीस फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे पाव तास. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पन्नास. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चाळीस. घासलेट कुठे वाहून जात नव्हतं. ते उन्हात उडून जात होतं.

मग नईमा जे बोलली ते सत्तार पुढे म्हातारपणापर्यंत सांगत असे, आणि ते तिने म्हटलं होतं हेही न विसरता सांगे. ती म्हणाली, सकाळी दिवा उतरवल्यावर आत उरलेलं तेल बघून मी सांगते का रात्रभर किती जळलं? दिवा कधी लावला ते आधी विचारावं लागतं.

डोह भरलेला दिसत होता, कारण उडून जाई तेवढंच मोरीतून येत होतं. पाव तासाला अर्धा डबा, म्हणजे तासाला दोन. किती तास, हे राहिलं होतं. सत्तार उठला आणि थेट फुलीबाईच्या पाड्यावर गेला. तिला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने सांगितलं की शनिवारी दिवे लागताना तिने डोहाचं पाणी भरलं, ते चांगलं होतं. रविवारी उजाडताना बकऱ्यांनी तोंड लावलं नाही. तेव्हापासून ती वाळूत झिरा खणून त्यातलं पाणी भरत होती. झिऱ्याचा खड्डा अजून होता, तिने तो नेऊन दाखवला. आणखीही काही सांगावं असं तिच्या मनात आलेलं दिसलं, पण ती थांबली आणि बकऱ्यांमागे निघून गेली.

चौकशी स्टेशनातल्या कडुनिंबाखाली झाली. साहेब सडपातळ, खिशात साखळीचं घड्याळ, बोलणं पुस्तकी. वाहिद उघड्या दंडाने उभा होता. बिल्ल्याच्या जागी कातडीवर एक फिकट गोल राहिला होता आणि येणारा जाणारा नेमका तोच बघत होता. साहाय्यकाने आपलं म्हणणं मांडलं, आणि शेवटी चौदाशे डब्यांची गंमतही. साहेब हसला नाही. त्याने विचारलं, ते सांगणारा मनुष्य इथे आहे का.

सत्तार पुढे झाला. त्याने चौदाशेची चूक आधी सांगितली, मग अर्ध्या डब्याची, मग बैलाच्या फेऱ्या. साहाय्यकाने मध्येच विचारलं की बैलाला साक्षीला बोलवायचं का. साहेबाने हात वर करून त्याला गप्प केलं आणि तो उठला. सगळी मंडळी डोहावर गेली. साहेबाच्या सांगण्यावरून पळीभर घासलेट पाण्यात सोडलं. साहेब बूट काढून वाळूवर उकिडवा बसला, हातात घड्याळ.  रंग पसरले, तेव्हा साहेबाच्या तोंडून नकळत "वा" गेलं. रंग विरले, तेव्हा त्याने घड्याळाचं झाकण मिटलं. चौदा मिनिटं झाली होती.

"म्हणजे डोहात होतं ते तुम्ही मोजलंत," साहेब म्हणाला, "आणि डोहातून गेलं ते आम्ही कुणी मोजलंच नाही. मग एकूण किती?"

फुलीबाईची साक्ष सत्तारने सांगितली. साठ तास धरले, तासाला दोन डबे आणि वर थोडं. सव्वाशे.

"कमी आहेत एकशेऐंशी. उरलेले पंचावन्न?"

सत्तारने मान वर केली. समोर वाहिद होता. मागे काठावर नईमा उभी होती, पदर दातात धरून. सहासष्ट तास म्हटलं, रात्रीचा गारवा घातला, मोरीच्या तोंडचा तांबूस थर जाड धरला, तर पंचावन्न डबे कुठेही बसले असते. चौदाशे काढणाऱ्याला पंचावन्न काय जड. त्याने बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"माले माहीत नही, साहेब," तो म्हणाला. "मी मोजं तितलंच सांगस. टाकीखालनी मातीमा कितलं गयं ते खंदीसन देखा. मी नही देखं."

 साहेब म्हणाला, "तुम्ही आरोपीचे मेव्हणे. बरोबर एकशेऐंशी सांगितले असते, तर मी इथूनच परत फिरलो असतो."

माती खणली. वरची हातभर ओली होती, तिथे साहाय्यक थांबला होता. त्याखाली दगडांची भर, आणि त्याखाली वाळू, पुरुषभर खोल गेलं तरी वासाची. साहेबाने मूठभर वाळू फावड्यावर घेऊन काडी लावली. ती काळा धूर सोडत पिवळी पेटली. साहाय्यकाने त्या ज्वाळेकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. सव्वाशे डबे हवेत, राहिलेले जमिनीत असावेत, नेमके किती ते मोजलेलं नाही, असं साहेबाने कागदावर लिहिलं. वाहिदला बिल्ला परत मिळाला. गळती तीन दिवस ध्यानात आली नाही म्हणून ठपकाही मिळाला, आणि घरी नईमाकडून त्याच मजकुराचा दुसरा, पुष्कळ सविस्तर.

उतरत्या उन्हात सत्तार परत निघाला तो मुद्दाम पाड्यावरून. फुलीबाईला चार शब्द सांगावेत, एवढंच मनात होतं. ती झोपडीत नव्हती. दार लोटलेलं होतं, आणि आत कुडाला लागून मडक्यांची रांग होती, तोंडांना कापसाचे बोळे. वास ओळखायला त्याला वाहिदसारखी अडचण नव्हती. शेजारच्या झोपडीतही रांग. त्याच्या पलीकडच्याही. मोरीच्या तोंडाशी मडकं धरायला किती वेळ लागतो? बकऱ्या पीत नाहीत, तर माणसांनी तरी दिव्यात घालावं, असा सरळ विचार कुणीतरी रविवारीच केला होता.

त्याचे डोळे सवयीने मोजून मोकळे झाले. बाहेरून दिसणारी मडकी, मडक्यात पळ्या किती, त्याचे डबे किती. आठ डबे आणि वर थोडं. म्हणजे पंचावन्नातले सत्तेचाळीस मातीत, बहुतेक.

तेवढ्यात फुलीबाई बकऱ्या घेऊन आली. तिने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि विचारलं, की काय मोजताय.

सत्तारने बांबू खांद्यावर टाकला. बकऱ्या, तो म्हणाला, आणि त्याही त्याने मुद्दाम सांगितल्या एक कमी.